चाळीस रुपयांचं पाणी

*मावशी, मी २१ वर्षांची. गाव महाड तालुक्यात, शिकायला पुण्यात. गिटारवर स्वतःची मराठी गाणी करते. मागच्या महिन्यात कॉलेजात संविधानावरचं माझं गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या, पण मागच्या रांगा मोबाईलमध्ये होत्या. मैत्रीण नंतर म्हणाली, "छान होतं, पण झेंडावंदनाला उभं असल्यासारखं वाटलं." आता मला चवदार तळ्यावर गाणं करायचंय. २०२७ साली त्या घटनेला शंभर वर्षं होतात, तोवर ते नीट बसावं अशी इच्छा आहे. अडचणी दोन. एक, लिहिते त्याचं भाषण होतं. दुसरी घरातली. माझे पणजोबा तळ्याच्या 'शुद्धीकरणा'त घागरी वाहायला होते, असं आजी सांगते. मग हे गाणं मी म्हणायचं का? बाबा म्हणतात, "नसत्या भानगडीत पडू नकोस, प्रेमाची गाणी लिही, ती चालतात." दोन्ही गाण्यांचे शब्द आणि मोबाईलवरचं रेकॉर्डिंग पाठवतेय. नाव छापू नका.*

*– चाल अडलेली*

प्रिय चाल अडलेली,

तुझं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना गॅसवरची भाजी लागली, म्हणजे चाल बरी आहे. अडलंय ते शब्दांत, आणि तेही सगळीकडे नाही.

पहिल्या गाण्याचं तुझं ध्रुवपद आहे 'समतेचा सूर्य उगवला, अंधार विषमतेचा मावळला'. या ओळीत चूक काढायला जागा नाही, आणि तिथंच ती फसते. ही ओळ कुठल्याही गावाला, कुठल्याही सालाला आणि कुठल्याही पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चालते. शिवाय सूर्य उगवायला कुणाला काही करावं लागत नाही, तो आपला आपण उगवतो. समता तशी आली नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर तू लिहायला बसलीस. आणि पहिल्याच ओळीत ते विसरलीस.

मी तुझ्या वयाची होते तेव्हा एका कलापथकात कोरसला उभी राहायचे. आमच्या गाण्यांत क्रांतीच्या मशाली इतक्या पेटायच्या, की रॉकेलचा खर्च कोण देतं असं आमचा ढोलकीवाला विचारायचा. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी कार्यक्रम झाला. संपल्यावर भाजीची पाटी उचलता उचलता एक म्हातारी मला म्हणाली, "गाणं ग्वाड हाय पोरी, पर झालं काय त्ये सांगितलंच न्हाईस." गाणं एका गावातल्या मजुरांच्या लढ्यावर होतं. चार कडवी आम्ही घसा फोडून म्हटली होती आणि लढा कशासाठी होता, मजुरी किती होती, किती मागितली, मिळाली का, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. त्या म्हातारीला मी अजून घाबरते. लिहून झालं की ती पाटी डोक्यावर घेऊन समोर उभी राहते.

आता तुझ्या संविधानाच्या गाण्यातल्या दोन गोष्टी. मागच्या रांगेत एखादा जाणकार बसलेला असतो आणि तो नेमका मोबाईलमध्ये नसतो, म्हणून सांगते. 'सव्वीस नोव्हेंबर एकोणपन्नासला' असं म्हणून तू लगेच 'समाजवादी, धर्मनिरपेक्ष' हे शब्द घेतलेस. उद्देशिकेत हे दोन शब्द १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आले, १९४९ च्या मजकुरात ते नव्हते. शब्द गायचे तर जरूर गा, पण त्या तारखेच्या दाव्याला बांधू नकोस. दुसरं, 'उद्देशिका म्हणते समता' असं तू लिहिलंस. मराठी उद्देशिका म्हणते 'दर्जाची व संधीची समानता'. तुला ते गाण्यात बसायला जड वाटलं असणार. मला वाटतं तिथंच खरं गाणं होतं. दर्जा आणि संधी. वर्गात दोघं एकाच बाकावर बसतात तो दर्जा, आणि त्यांतल्या एकाला संध्याकाळी क्लासची फी परवडते, दुसऱ्याला नाही, ती संधी. त्या दोन साध्या शब्दांवर दोन कडवी उभी राहिली असती. तू 'समता' म्हणून दोन्ही एका पिशवीत घातलेस.

आणखी एक सांगून पहिलं गाणं बाजूला ठेवते. त्या उद्देशिकेचा शेवट किती गाता येण्यासारखा आहे ते कुणाच्या लक्षातच येत नाही. 'अंगीकृत आणि अधिनियमित' इथं जीभ अडखळते, कबूल. पण त्यानंतर 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत'. देवाला अर्पण करतात, गुरूला करतात, इथं लोक स्वतःलाच अर्पण करताहेत. ध्रुवपद शोधत होतीस ना?

तर महाड. दुसऱ्या कागदावर तू 'त्या दिवशी पाण्याला लागली आग, मनुस्मृतीची झाली राख' असं लिहिलंस. यमक बसलंय, इतिहास मोडलाय. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची अस्पृश्य मानलेली माणसं तळ्याचं पाणी प्यायली २० मार्च १९२७ ला, मनुस्मृती जाळली २५ डिसेंबर १९२७ ला. मधे नऊ महिने आहेत. पुष्कळ जण हे दोन्ही एकाच दिवसात कोंबतात, त्यामुळे ते नऊ महिने कुणी गातच नाही. आणि खरं नाट्य त्यांत आहे.

क्रमानं बघ. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर होतो, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्याला धरून १९२४ च्या जानेवारीत महाडची नगरपालिका चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव करते. कागद झाला. पाण्याला मात्र कुणी हात लावलेला नाही, कारण तळ्याभोवती घरं कुणाची आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांची परिषद भरते, गावोगावहून माणसं चालत येतात, आणि त्यांना प्यायला पाणी? चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात कायद्यानं खुलं झालेलं भरलेलं तळं, आणि परिषद पाणी विकत घेतेय.

हे चाळीस रुपये वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. 'विषमता' हा शब्द तू तीन कडव्यांत सात वेळा लिहिलास, मी मोजला. त्या सातही जागी हे चाळीस रुपये ठेवून बघ.

पुढचं तुला माहीत आहे: बाबासाहेब लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतीच्या, जेवणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. त्यानंतर तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून, मंत्र म्हणून ते 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरातल्या परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. तोवर गावातल्या काही सवर्णांनी तळं आपलं म्हणून दावा लावला होता आणि कोर्टाचा मनाई हुकूम येऊन पडला होता, म्हणून डिसेंबरात हजारो माणसं जमूनही पाण्याला हात न लावता परत गेली. एकदा प्यायलेलं पाणी दुसऱ्या वेळी समोर असून प्यायचं नाही, हे किती अवघड! तुझ्या गाण्यात त्याला जागा नाही, आणि मला तर तेच आधी ऐकायला आवडेल.

त्याच डिसेंबरात बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, जात ओळखू येईल असे दागिने टाका, मुलींना शिकवा. एका रात्रीत लुगडं वेगळं नेसून निघालेली बाई ही एका कडव्याची नायिका आहे. मुलगी म्हणून तुला ते माझ्यापेक्षा चांगलं दिसेल.

आणि दावा? तो चालला, चालला, मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. पाणी प्यायल्याच्या दिवसाला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी. अमुक लोकांनी तिथं पाणी भरायचं नाही अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. (निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड, तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. हे गाण्यात घालू नकोस. पण गाणी म्हणता म्हणता मधे दोन वाक्यं बोलतात ना, तिथं टाक, लोक कान टवकारतात.)

आता हात चालव. गिटार बाजूला ठेव आणि अभंगाचं माप घे, सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. तू वारकऱ्यांच्या मुलखात वाढलीस, हे माप कानात आहेच. मी काल रात्री असं करून पाहिलं:

चाळीस रुपये
मोजुनी घेतले
पाणी ते प्यायले
विकतचे

तळे हाकेवर
भरले काठास
कागद उशास
ठरावाचा

फार थोर नाही, मी कवयित्री नव्हे. पण भाजीच्या पाटीवाल्या म्हातारीला 'झालं काय' ते कळेल. यात समता, न्याय, हक्क यांपैकी एकही शब्द नाही आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते तिन्ही शब्द आपोआप येतील. ते त्यालाच म्हणू दे. आणि शेवटचा चार अक्षरांचा चरण बघ, तिथं आवाज खाली आणून थांबायचं. तुझ्या आवाजाचं बळ खालच्या पट्टीत आहे. तू ते चढ्या सुरात घालवतेस, कारण मोठ्या शब्दांना मोठा आवाज लागतो अशी तुझी समजूत झालीय.

अभंग नको वाटला तर पोवाड्याकडे जा. तो इतिहास सांगण्यासाठीच बनलेला आहे आणि त्याला तारखांची लाज वाटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडाच लिहिला. वाचता न येणाऱ्यापर्यंत इतिहास न्यायचा तर वाट कुठली, हे त्यांना माहीत होतं. पुढे सत्यशोधक जलसे आणि त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे तमाशाच्याच साच्यात उभे राहिले. पोवाड्यात शाहिराच्या मागे साथ देणारे झीलकरी 'जी जी रं जी' करतात ते नुसतं सजावटीला नसतं. शाहीर तेवढ्यात दम घेतो आणि ऐकणारा आत्ता ऐकलेलं गिळतो. तू चार मिनिटांत एकशेवीस ओळी म्हणतेस, गिळायला वेळच देत नाहीस. कहोन, म्हणजे ती लाकडी पेटी, वाजवणारा तुझा मित्र नुसता ठेका धरून बसलाय, त्याला झील धरायला लाव.

आता घागरीचं. तुझ्या पत्रातलं खरं दुखणं हेच आहे आणि तू ते दोन ओळींत उरकलंस.

मी हे गाणं म्हणायचं का, असं विचारतेस. महाडच्या त्या परिषदेत अनंतराव चित्रे होते, नगरपालिकेत सुरबानाना टिपणीस होते, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी. आडनावं वाच. तेव्हा 'आपलं काम नाही' हे कारण त्यांनाही पुरलं असतं. म्हणून गाणं म्हणायला तुला कुणाची परवानगी नको. पण कुठं उभी राहून म्हणतेस, ते बघ. दुसऱ्या कागदावर तू 'आम्ही ओंजळ भरून प्यायलो' लिहिलंस. ते 'आम्ही' मला खटकलं. तुमच्या घरातलं माणूस त्या ओंजळीच्या बाजूला नव्हतं, घागरीच्या बाजूला होतं. प्यायलेल्यांची गाणी त्यांच्या लेकरांनी, नातवंडांनी जवळजवळ शंभर वर्षं म्हटली आहेत, तुझ्यामाझ्यापेक्षा किती तरी चांगली. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांनी तर मुंबईत, मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि मग आयुष्यभर हजारोंच्या तोंडी बसतील अशी गाणी दिली. तिथं तू तीच ओंजळ पुन्हा भरून काय वेगळं देणार?

घागरीच्या बाजूनं मात्र गाणं मी अजून ऐकलेलं नाही. १०८ घागरी कुणी तरी वाहिल्या. त्या खांद्यांना नावं होती, त्यांच्या घरी संध्याकाळी भाकरी झाली असेल, पोरांनी विचारलं असेल, 'बाबा, पाण्याला काय झालं होतं?' हा प्रश्न तू आत्ता विचारतेयस, चौथ्या पिढीत. हे तुझ्याशिवाय कुणी लिहू शकत नाही. त्यात पणजोबांना राक्षस करू नकोस, सोपं जाईल पण खोटं होईल. आणि त्यांना 'काळच तसा होता' म्हणून सोडूही नकोस, कारण त्याच गावात, त्याच काळात, त्यांच्यासारखीच दुसरी माणसं तळ्याकडे चालत गेली होती.

आजीकडे जाताना मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तिच्यासमोर बसू नकोस, ती गप्प होईल. दुपारी तांदूळ निवडायला बस. ती सांगते ते तिनं सासऱ्यांकडून ऐकलेलं, म्हणजे ऐकीव. तेव्हा गाण्यातही 'आजी सांगते' असंच म्हण. त्या दोन शब्दांनी गाणं प्रामाणिक राहतं, आणि आजी गाण्यात येते ते वेगळंच. तिला हे गाणं नको असेल तर तिचं ऐक, म्हणजे निदान ती हयात असेपर्यंत गावात म्हणू नकोस. लिहायला मात्र तिची ना असली तरी लिही. बाकी घरांची, हयात माणसांची नावं कुठंच घेऊ नकोस.

इतिहासाचा भाग तपासायला आधी बाबासाहेबांचं पाक्षिक 'बहिष्कृत भारत' वाच. ते सुरूच झालं ३ एप्रिल १९२७ ला, म्हणजे तळ्यानंतर दोन आठवड्यांनी, त्यामुळे जखम ओली असतानाचं लेखन आहे. मग खैरमोड्यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र. मोबाईलवर फिरणाऱ्या पोस्टी नकोत. आणि या २० मार्चला महाडला जा. गिटार न घेता जा. तळ्याभोवती पुस्तकांचे, गाण्यांचे स्टॉल लागतात, गावोगावची मंडळं गात असतात. दिवसभर नुसतं ऐक. एखादी बाई शेजारी बसवून घेईल, डबा पुढे करेल. तो खा.

बाबांबद्दल थोडक्यात. काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. तारखा पक्क्या ठेव, कुणाला शिवी देऊ नकोस, पहिल्यांदा वीस माणसांत म्हण, त्यांतली निम्मी तरी तळ्यावर प्यायलेल्यांच्या घरातली असू देत, आणि ती काय म्हणतात ते ऐकून मग दोनशेंसमोर जा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावू नकोस, बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

पण प्रेमाच्या गाण्यांचं बाबा म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आठव. पोटासाठी मुंबईत आलेला माणूस, गावी राहिलेली बायको, तिच्या रूपाचं वर्णन, जिवाची काहिली. लोक लावणी ऐकायला म्हणून पुढे सरकतात आणि बघता बघता ते गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत येऊन उभं राहतं, कारण तुटलेली मैना आणि तुटलेला सीमेवरचा मुलूख यांचं दुःख अण्णा भाऊंनी एकाच दोरीत ओवलंय. तेव्हा बाबांना सांग, प्रेमाचंच लिहितेय. आजीवरचं.

जूनपर्यंत दुसरा खर्डा पाठव. एकशेवीस ओळींच्या चाळीस झाल्या तर मला आनंद होईल, तीस झाल्या तर जास्त. आणि आजीला तेवढं एक विचारून ठेव: ती घागर मातीची होती की पितळेची? पुस्तकांत मातीच्या घागरी म्हटलंय, पण तुमच्या घरची आठवण काय सांगते ते मला हवंय. शिवाय 'मातीची' तीन अक्षरं होतात आणि 'पितळेची' चार, तेव्हा शेवटचा चरण त्यावर अडून आहे.

– मावशी